वृद्धाश्रमातला शरद

सर्वपित्री अमावास्या सरली, की आश्विन लागतो आणि पंचांगाप्रमाणे शरद ऋतू सुरू होतो. आश्विन आणि कार्तिक हे त्याचे दोन महिने. धुतल्यासारखे आकाश, टिपूर चांदणे, पिवळी पडू लागलेली भाताची शेते आणि घरोघरी सणांची लगबग असे या ऋतूचे रूप आपल्या परिचयाचे आहे. दीर्घायुष्याचा आशीर्वाद देताना पूर्वजांनी शंभर वर्षांऐवजी शंभर शरद म्हटले. पावसाळ्याची रोगराई पार करून शरद पाहणे हीच त्या काळी मोठी गोष्ट असावी. मात्र त्याच परंपरेने शरदाला वैद्यांची आई असेही गमतीने म्हटले आहे, कारण या दिवसांत आजार वाढतात आणि वैद्याचे घर चालते. सत्तरी-ऐंशी ओलांडलेल्या माणसांच्या बाबतीत या दोन्ही गोष्टी आजही खऱ्या ठरतात.

वृद्धाश्रमात तर त्या एकाच वेळी खऱ्या ठरतात. पाऊस थांबतो आणि ऊन तापते, साचलेल्या पाण्यावर डास वाढतात, सणांच्या निमित्ताने खाण्यापिण्याची आणि औषधांची घडी विस्कटते आणि नेमक्या त्याच सुमारास देखभाल करणाऱ्या मावशी व मामा दिवाळीच्या रजेवर गावी जातात. या चार गोष्टींतील एखादीच असती, तर संस्थेला ती निभावून नेता आली असती. चारही एका महिन्यात येतात, म्हणून हा महिना संस्थाचालकांच्या आणि नातेवाइकांच्याही कसोटीचा असतो.

२०११च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात साठ वर्षांवरील नागरिकांची संख्या सुमारे १ कोटी ११ लाख, म्हणजे लोकसंख्येच्या जवळपास दहा टक्के होती. त्यांतील बहुसंख्य आपल्या घरीच राहतात. परंतु पुण्या-मुंबईत, नाशकात आणि नागपुरात स्वतःहून किंवा परिस्थितीमुळे वृद्धाश्रमाची वाट धरणाऱ्यांची संख्या आता नजरेआड करता येण्याजोगी राहिलेली नाही. पुण्यातील ‘निवारा’सारखी संस्था एकोणिसाव्या शतकापासून हे काम करीत आली आहे. नव्वदच्या दशकात राज्यात ‘मातोश्री’ नावाने वृद्धाश्रमांची योजना आली. अलीकडे हिंडत्याफिरत्या ज्येष्ठांसाठीच्या निवासापासून अंथरुणाला खिळलेल्यांच्या शुश्रूषा केंद्रापर्यंत अनेक प्रकार दिसतात. पुढील माहिती या सर्वांनाच कमीअधिक प्रमाणात लागू आहे.

ऑक्टोबरचे ऊन आणि न लागणारी तहान

हवामान खात्याच्या सुधारित वेळापत्रकाप्रमाणे मुंबईतून मोसमी पाऊस माघारी जाण्याची सर्वसाधारण तारीख ८ ऑक्टोबर आहे. पाऊस गेला तरी हवेतील दमटपणा लगेच जात नाही आणि ढगांचे छत्र मात्र निघून जाते. त्यामुळे कोकणपट्टीत दुपारचे तापमान ३३-३४ अंशांवर असूनही जीव घाबरा होतो. देशावर दुपारी ऊन आणि पहाटे गारवा अशी स्थिती असते. पुण्यात दुपारी ३१-३२ अंश, तर महिन्याच्या उत्तरार्धात पहाटे १८ अंशांच्या आसपास. दिवसाकाठी बारा-चौदा अंशांचा हा चढउतार तरुणाला जाणवतही नाही. म्हाताऱ्या शरीराला मात्र तो झेपत नाही.

याचे कारण साधे आहे. वाढत्या वयात तहानेची जाणीव बोथट होते. शरीराला पाणी कमी पडत असूनही मेंदूकडून तशी सूचना येत नाही. मूत्रपिंडांची पाणी राखून ठेवण्याची क्षमताही घटलेली असते. त्यातच रक्तदाबासाठी किंवा हृदयविकारासाठी लघवी वाढवणारी गोळी सुरू असेल, तर तूट अधिकच वाढते. ‘तहान लागली की पितील’ हा हिशेब इथे चुकतो. पाणी मागितल्यावर द्यायचे नसते, वेळ झाली की हातात द्यायचे असते.

दुसरे कारण सहसा कोणी बोलून दाखवत नाही. अनेक आजी-आजोबा जाणूनबुजून पाणी कमी पितात. रात्री उठावे लागेल, स्वच्छतागृह लांब आहे, मावशींना हाक मारायला संकोच वाटतो, कपडे ओले झाले तर चारचौघांत शोभा होईल, ही भीती त्यामागे असते. प्रोस्टेटचा त्रास असलेल्या पुरुषांत आणि लघवीवर ताबा न राहणाऱ्या स्त्रियांत हे विशेष आढळते. म्हणून पाण्याचा प्रश्न पुष्कळदा स्वच्छतागृहाशी येऊन थांबतो. खोलीपासून जवळ, उजेड असलेले, कमोड आणि भिंतीला धरायची दांडी असलेले स्वच्छतागृह असेल, तर माणूस पाणी पितो. संस्था पाहायला जाणाऱ्या नातेवाइकांनी बाग आणि देऊळ पाहण्याआधी ही सोय पाहावी.

हृदय किंवा मूत्रपिंडाच्या आजारामुळे डॉक्टरांनी बंधन घातले नसेल, तर दिवसभरात मिळून दीड ते दोन लिटर द्रव पदार्थ पोटात जावेत. त्यांतील बहुतेक भाग सायंकाळी सहाच्या आत संपवला, तर रात्रीची उठबस कमी होते. पाणीच प्यायला हवे असे नाही. आंबट नसलेले पातळ ताक, भाताची पेज, मुगाचे कढण, कोकम सरबत हे सारे चालते. फक्त सरबतात साखर आणि ताकात मीठ किती, याचा विचार प्रत्येकाच्या आजाराप्रमाणे करावा. जुलाब-उलट्या झाल्यास एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ हे जलसंजीवनीचे प्रमाण स्वयंपाकघरात लिहून लावलेले असावे. हा चमचा चहाचा आहे, जेवणाचा नव्हे.

वृद्धांमध्ये पाण्याची कमतरता ओळखणे अवघड असते. कातडी चिमटीत धरून पाहण्याची नेहमीची खूण उपयोगी पडत नाही, कारण वयामुळे ती सैल झालेलीच असते. गडद लघवी, कोरडी जीभ, अचानक वाढलेले बद्धकोष्ठ, उठताना येणारी भोवळ आणि विनाकारण गळून जाणे या खुणा अधिक भरवशाच्या आहेत.

आयुर्वेद काय सांगतो

वर्षा ऋतूत साठलेले पित्त शरदाच्या उन्हाने खवळते, असे आयुर्वेद मानतो. वाग्भटाच्या ‘अष्टांगहृदया’तील ऋतुचर्येत या काळासाठी कडू, गोड आणि तुरट रसांचे हलके अन्न सांगितले आहे. तांदूळ, मूग, आवळा, पडवळ, साखर, मध ही त्यातील काही नावे. दही, तेलकट पदार्थ, पोटाला तडस लागेपर्यंतचे जेवण, कडक ऊन आणि दुपारची झोप टाळायला सांगितले आहे. दिवसा उन्हाने तापलेले आणि रात्री चांदण्याने निवलेले पाणी त्यात ‘हंसोदक’ म्हणून गौरवले आहे. शहरातल्या टाकीतले पाणी मात्र नुसत्या चांदण्याने शुद्ध होत नाही. ते उकळून किंवा गाळून घेणेच बरे.

ही दिनचर्या वृद्धाश्रमाच्या स्वयंपाकघराला सहज जमणारी आहे. मूगडाळीची खिचडी, पडवळाची किंवा दुधी भोपळ्याची भाजी आणि आवळा हे स्वस्तही आहे आणि दात नसलेल्यांनाही खाता येते. मधुमेही व्यक्तींनी त्या यादीतील साखर आणि मध अर्थातच वगळावेत. याच प्रकरणात शरदात विरेचन आणि रक्तमोक्षणही सांगितले आहे. ऐंशीच्या घरातील माणसाला कोणाच्या सांगण्यावरून जुलाबाचे औषध देणे धोक्याचे आहे. वैद्याने प्रकृती तपासल्याशिवाय आणि चालू गोळ्यांची यादी पाहिल्याशिवाय हा प्रयोग मुळीच करू नये.

डासांचे दिवस

पाऊस कोसळत असताना डासांच्या अळ्या वाहून तरी जातात. पाऊस थांबल्यावर कुंड्यांखालच्या ताटल्या, गच्चीवरचे जुने सामान, कूलर, फ्रिजमागचा ट्रे आणि फुलदाण्या यांत राहिलेल्या स्वच्छ पाण्यात डेंग्यू आणि चिकुनगुन्या पसरवणारा एडिस डास निवांत वाढतो. अंड्यापासून डास होण्यास साधारण आठ-दहा दिवस पुरतात. म्हणूनच आठवड्यातून एक ‘कोरडा दिवस’ पाळायला सांगतात. भांडी नुसती पालथी घालून भागत नाही. अंडी भांड्याच्या कडेला चिकटतात आणि कोरड्यातही कित्येक महिने टिकतात. घासून धुणे आवश्यक असते. हा डास दिवसा चावतो. वृद्धाश्रमात दुपारी वामकुक्षी घेणाऱ्यांना मच्छरदाणी हवी ती यासाठी. रात्रीची मच्छरदाणी हिवतापासाठी उपयोगी पडते.

चिकुनगुन्या महाराष्ट्राला नवा नाही. सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथे १९७३ मध्ये त्याची मोठी साथ आली होती. नंतर तीन दशके तो जवळजवळ विस्मरणात गेला आणि २००६ मध्ये राज्यभर पुन्हा उफाळला. हा आजार सहसा जीव घेत नाही, पण सांधे असे धरून ठेवतो, की आधीच गुडघेदुखी असलेला माणूस महिनोन्महिने पलंगावरून उठत नाही. म्हातारपणी पलंग धरणे हे स्वतःच एक दुखणे होऊन बसते.

डेंग्यूचा धोका वेगळा आहे. तापाचे तीन-चार दिवस गेल्यावर पारा उतरतो आणि सगळे सुटकेचा निःश्वास टाकतात. प्रत्यक्षात त्यानंतरचे एक-दोन दिवस सर्वांत नाजूक असतात. पोटात सतत दुखणे, वारंवार उलटी, हिरड्यांतून किंवा शौचावाटे रक्त, लघवी कमी होणे, कमालीची सुस्ती यांपैकी काहीही दिसल्यास रात्र काढू नये, रुग्णालय गाठावे. तापावर पॅरासिटामॉलखेरीज अन्य वेदनाशामक गोळ्या मनाने देऊ नयेत, कारण त्यांनी रक्तस्राव वाढू शकतो. हृदयविकारामुळे रोज अॅस्पिरिन घेणाऱ्यांची माहिती डॉक्टरांना पहिल्याच दिवशी द्यावी. ती गोळी थांबवायची की चालू ठेवायची, हे डॉक्टरच ठरवतील.

विदर्भातील संस्थांनी आणखी एक नाव लक्षात ठेवावे. २०१८ मध्ये नागपूर परिसरात स्क्रब टायफसचे बरेच रुग्ण आढळले होते. वाढलेल्या गवतातील बारीक किड्याच्या चाव्याने हा आजार होतो आणि चाव्याच्या जागी कधी कधी सिगारेटने भाजल्यासारखी काळी खपली दिसते. काखेत, जांघेत किंवा कमरेच्या पट्ट्याखाली असलेली ही खपली आंघोळ घालणाऱ्या मावशींनाच आधी दिसते. वेळेवर निदान झाले तर औषध उपलब्ध आहे. पावसानंतर आवारातले गवत कापणे हा सौंदर्याचा नव्हे, आरोग्याचा भाग आहे.

ताप नसलेला आजार

इथपर्यंतची माहिती कोणत्याही आरोग्यविषयक पुस्तिकेत सापडेल. वृद्धाश्रमातला खरा प्रश्न पुढेच आहे. वृद्ध माणसाचा आजार तरुणासारखा वाजतगाजत येत नाही. न्यूमोनिया झालेला असतो आणि खोकला नसतो. मूत्रमार्गाचा संसर्ग असतो आणि जळजळीची तक्रार नसते. हृदयविकाराचा झटका येतो आणि छातीत दुखण्याऐवजी फक्त घाम आणि मळमळ. तापही चकवतो. अनेक वृद्धांचे नेहमीचे तापमानच कमी असते. त्यामुळे थर्मामीटरवर ९९ अंश फॅरनहाइट दिसले, की ‘काही नाही’ म्हणून सोडून देतात. दीर्घकालीन देखभाल केंद्रांसाठी वैद्यकशास्त्राने याचे निकष वेगळे ठरवले आहेत. तोंडात धरलेल्या थर्मामीटरवर एकदाच १००हून अधिक, पुन्हा पुन्हा ९९हून अधिक किंवा त्या व्यक्तीच्या नेहमीच्या तापमानापेक्षा दोन अंश जास्त असे आढळले, तरी तो ताप समजावा. पण नेहमीचे तापमान किती, हे कोणी लिहून ठेवलेलेच नसेल तर वाढ कशाच्या तुलनेत मोजणार?

आजाराची पहिली खूण बहुतेक वेळा वागण्यात दिसते. काल स्वतःच्या हाताने जेवणाऱ्या आजी आज घास तोंडात धरून बसतात. रोज वर्तमानपत्र वाचणारे आजोबा ते उलटे धरतात. कोणी दिवसा झोपतो आणि रात्री उठून ‘मला घरी सोडा’ म्हणत दार हलवतो. याला वैद्यकीय भाषेत डेलिरियम म्हणतात. तास-दोन तासांत किंवा दिवस-दोन दिवसांत अचानक उद्भवलेला हा गोंधळ असतो. स्मृतिभ्रंश महिन्या-वर्षांच्या गतीने वाढतो, हा एकदम येतो. संसर्ग, पाण्याची किंवा सोडियमची कमतरता, साखर उतरणे, नवी गोळी, तुंबलेली लघवी, साधे बद्धकोष्ठ यांपैकी काहीही त्यामागे असू शकते आणि कारण सापडले तर बहुधा तो बरा होतो. ‘वय झालं, आता असंच चालायचं’ या एका वाक्याने तो दुर्लक्षिला जातो. झोपेची गोळी देऊन गप्प केले, तर मूळ आजार तसाच राहतो आणि पडण्याचा धोका वाढतो.

हा बदल ओळखणारी व्यक्ती आठवड्यातून एकदा फेरी मारणारे डॉक्टर नसतात. सकाळी चहा देणाऱ्या, केस विंचरणाऱ्या, चादर बदलणाऱ्या मावशी असतात. त्यांना ‘आज काकूंचं काहीतरी बिनसलंय’ हे कळते, पण ते कोणाला सांगायचे, हे ठरलेले नसते. म्हणून नोंदवहीचे महत्त्व आहे. प्रत्येकासमोर रोज पाच-सहा रकाने पुरतात. किती जेवले, किती प्याले, लघवी आणि शौच कसे झाले, नेहमीप्रमाणे चालले का, नेहमीसारखे बोलले का. महिन्यातून एकदा वजन. लिहिता न येणाऱ्या मावशींसाठी खुणा ठरवून देता येतात. पाळी बदलताना ही वही एकीच्या हातून दुसरीच्या हाती, तोंडी दोन वाक्यांसह गेली पाहिजे. याला यंत्र लागत नाही, मोठा खर्चही लागत नाही. तरीही संस्था पाहायला गेल्यावर दूरचित्रवाणी संच आणि सौरबंब हौसेने दाखवले जातात, वही क्वचितच दाखवली जाते. नातेवाइकांनी ती मागून पाहावी. सगळ्या दिवसांच्या सगळ्या रकान्यांत एकच अक्षर ‘ठीक’ म्हणून उतरलेले असेल, तर त्याचाही अर्थ कळतोच.

दिवाळीत ही साखळी तुटते. नेहमीच्या मावशी गावी जातात, बदली माणसे येतात. बदली बाईंना आजी नेहमी किती बोलतात हे ठाऊक नसते, त्यामुळे त्या गप्प झाल्याचे लक्षात येत नाही. रजा देऊ नये असे कोणी म्हणणार नाही. त्या बायकांचीही घरे आहेत, त्यांचीही भाऊबीज असते. रजा टप्प्याटप्प्याने द्याव्यात, प्रत्येक मजल्यावर निदान एक ओळखीचा चेहरा राहावा आणि बदली व्यक्तीने आधी दोन दिवस जुन्या मावशींबरोबर काम करावे, एवढी आखणी सप्टेंबरातच करता येते.

सण, फराळ आणि दाते

वृद्धाश्रमांत अन्नदानाचा ओघ पितृपक्षापासूनच सुरू होतो. तिथीच्या दिवशी खीर, वडे आणि पुरणाचे जेवण देण्याची प्रथा अनेक शहरी कुटुंबांनी स्वीकारली आहे. पाठोपाठ नवरात्र, दसरा, कोजागरी आणि दिवाळी. दात्यांचा भाव शुद्ध असतो, परंतु प्रत्येक दात्याच्या दृष्टीने त्याचा दिवस वर्षातून एकदाच येतो आणि संस्थेत मात्र असे दिवस एका महिन्यात वीस होतात. मधुमेह आणि रक्तदाब असलेल्यांच्या पानात रोज गोड आणि रोज तळलेले पडते. देणाऱ्यांनी आधी विचारून द्यावे. फळे, चांगल्या प्रतीचे डायपर, न घसरणाऱ्या चपला, मच्छरदाण्या, पायऱ्यांवर लावायचे दिवे किंवा एखाद्या मावशीचा जादा पगार यांची गरज लाडवांच्या पेटीपेक्षा बहुधा अधिक असते.

नवरात्रातील उपवासांकडे विशेष लक्ष द्यावे. आयुष्यभर नऊ दिवस उपवास केलेल्या आजींना ‘करू नका’ म्हटल्याने त्या थांबत नाहीत, फक्त सांगणे बंद करतात. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या घेऊन पोट रिकामे ठेवले, तर साखर धोकादायक पातळीपर्यंत खाली येते. दिवसभर साबुदाणा आणि बटाटा खाल्ला, तर ती वर जाते. नवरात्रापूर्वीच डॉक्टरांकडून मात्रा बदलून घ्यावी किंवा पहिल्या आणि शेवटच्या दिवसाचा उपवास असा मध्यममार्ग काढावा.

कोजागरीच्या मसाला दुधासाठी मध्यरात्रीपर्यंत बसवून ठेवण्याची मात्र काहीच गरज नाही. पौर्णिमेचा चंद्र सूर्यास्ताच्या सुमारासच उगवतो. आठ-साडेआठ वाजता गच्चीवर, अंगावर शाल घेऊन, कोमट दूध प्यायले तर चांदणेही मिळते आणि झोपही.

दिवाळीच्या फराळात चकली दातांना आणि शेव-चिवडा रक्तदाबाला त्रास देतात. सरसकट बंदी घालण्यापेक्षा लहान वाटीभर, जेवणाबरोबर आणि दोन वेळांपैकी एकदाच, असे ठरवलेले चांगले. म्हातारपणी जिभेचे सुख उरलेले असते, तेही काढून घेणे माणुसकीला धरून नाही.

नरकचतुर्दशीच्या पहाटेची मात्र भीती वाटावी. तेल लावलेले पाय, ओली फरशी, अर्धवट झोप, अंधार आणि बाहेर फटाक्यांचा आवाज या सगळ्यांचे मिळून एक खुब्याचे हाड मोडते. अभ्यंग जरूर करावे, पण खुर्चीवर बसवून, तळपायांना तेल न लावता आणि उजाडल्यावर. पाण्याची ऊब मावशींनी स्वतःच्या कोपराने पाहावी. मधुमेहामुळे पायांची संवेदना गेलेली असेल, तर चटका बसल्याचे कळत नाही. दाराशी रांगोळी आणि पणत्या वाटेच्या कडेला असाव्यात. आकाशकंदील आणि दिव्यांच्या माळांच्या वायरी जमिनीवरून जाऊ देऊ नयेत.

फटाक्यांबाबत सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०१८ मध्ये दिवाळीत रात्री आठ ते दहा ही वेळ घालून दिली होती. ध्वनिप्रदूषणाच्या २०००च्या नियमांत रुग्णालये, शिक्षणसंस्था आणि न्यायालयांभोवतीच्या शंभर मीटर परिसरासाठी शांतता क्षेत्राची तरतूद आहे. वृद्धाश्रमांचे नाव त्यात नाही, तरी शेजारच्या सोसायट्यांशी आधीच बोलून ठेवता येते. दम्याच्या आणि जुन्या श्वसनविकाराच्या रुग्णांचे इनहेलर भरलेले आहेत ना, हे वसुबारसेलाच पाहावे. सायंकाळी खिडक्या लावून घ्याव्यात. स्मृतिभ्रंश झालेल्यांना आवाज कसला आहे हे उमगत नाही, त्यांच्याजवळ कोणीतरी बसून राहावे.

लवकर येणारी संध्याकाळ

जूनअखेरीस मुंबईत सव्वासातनंतर मावळणारा सूर्य नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात सहाच्या सुमारास दिसेनासा होतो. दिवेलागणीला अस्वस्थ होणे, येरझाऱ्या घालणे, घरी जायचा हट्ट करणे हा प्रकार स्मृतिभ्रंशात नेहमी दिसतो. अंधार पडण्याची वाट न पाहता साडेपाचलाच दिवे लावले आणि त्या वेळी शुभंकरोती, भजन, गाणी, भाजी निवडणे असे हाताला व मनाला काही काम दिले, तर तो कमी होतो. सकाळचे ऊन मात्र सोडू नये. पावसाळाभर खोलीत बसलेल्या हाडांना ते हवे असते. आठ-साडेआठ वाजता, गारवा ओसरल्यावर, आवारात फेऱ्या आणि खुर्चीवरून हात न टेकता उठण्याचा व्यायाम एवढा रोज झाला, तरी पायांत बळ राहते.

इन्फ्लुएन्झाची लस दरवर्षी घ्यावी लागते आणि तिचा परिणाम दिसायला सुमारे दोन आठवडे लागतात. आपल्याकडे फ्लू पावसाळ्यात आणि पुन्हा हिवाळ्यात वाढतो. पावसाळ्यापूर्वी राहून गेली असेल, तर हिवाळ्याआधी घेण्याविषयी डॉक्टरांना विचारावे. न्यूमोकोकल लसही याच वेळी विचारात घ्यावी. लस फक्त आजी-आजोबांना देऊन पुरत नाही. संसर्ग आणणारे बहुधा बाहेरून येणारेच असतात. २०२०च्या साथीत संस्थांची दारे बंद करावी लागली, तेव्हा हे सर्वांनी पाहिले. खोकला असलेल्या नातेवाइकाने भेटीचा दिवस पुढे ढकलावा.

चार दिवस घरी

दिवाळीत काहींना मुले घरी नेतात, काहींना कोणी न्यायला येत नाही. न जाणाऱ्यांसाठी भाऊबीजेला शेजारच्या शाळा-मंडळांतील मुले येतात, ते चांगलेच. तथापि त्या दुपारनंतरची संध्याकाळ संस्थेला ठाऊक असते. जेवण कमी होते, कोणी लवकर झोपतो. त्या दिवशी व्यवस्थापकांनी पंगतीत बसावे. परदेशातील मुलांनी फोनची वेळ आधी कळवावी आणि ती पाळावी. वाट पाहण्यात गेलेला दिवस रक्तदाबाच्या आकड्यातही दिसतो.

घरी जाणाऱ्यांच्या बरोबर औषधांचा डबा, गोळ्यांची वेळेसह लिहिलेली यादी, मधुमेह असल्यास ग्लुकोमीटर आणि डॉक्टरांचा दूरध्वनी क्रमांक द्यावा. दुकाने बंद असतात, म्हणून दहा-पंधरा दिवसांचा साठा हाताशी असावा. घरच्यांनी लक्षात ठेवावे, की आईला पूर्वीचे घर आठवत असले, तरी अंधारात स्नानगृहाची वाट तिच्या पायांना आता आठवत नाही. रात्रभर एक मंद दिवा ठेवावा, वाटेतले पायपुसणे उचलावे आणि पहिली रात्र कोणीतरी जवळ झोपावे.

२००७च्या ‘आईवडील व ज्येष्ठ नागरिक चरितार्थ व कल्याण’ कायद्यात निराधार ज्येष्ठांसाठी प्रत्येक जिल्ह्यात किमान दीडशे जणांच्या वृद्धाश्रमाची तरतूद आहे. सत्तरी पूर्ण केलेल्या सर्वांसाठी, उत्पन्नाची अट न ठेवता, ‘आयुष्मान भारत’ योजनेत पाच लाख रुपयांपर्यंतच्या उपचारांची सोय ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झाली. त्यासाठीचे कार्ड आधारच्या साहाय्याने काढता येते. वृद्धाश्रमात राहणाऱ्यांची आधार पत्रे अनेकदा मुलांच्या घरी कपाटात असतात. दिवाळीला घरी नेलेच आहे, तर ती परत पाठवताना सोबत द्यावीत. ज्येष्ठांसाठीचा राष्ट्रीय मदत क्रमांक १४५६७ हा असून तो निःशुल्क आहे.

भाऊबीजेनंतर माणसे परत येतात. त्याच दिवशी वजन, रक्तदाब आणि साखर पाहावी, पावले व टाचा तपासाव्यात, डब्यातल्या गोळ्या मोजून किती चुकल्या ते लिहावे. पुढचे तीन-चार दिवस त्या रकान्यांत काय लिहिले जाते, इकडे डॉक्टरांनी स्वतः लक्ष द्यावे. तोपर्यंत गावाहून मावशीही परतलेल्या असतात.